अब्बांच्या गोळ्यांचे दोन डबे

अब्बा सजद्यातून उठताना जमिनीला हात टेकतात, हे माझ्या लक्षात आलं २०२३ च्या ऑगस्टमध्ये. शनिवारचा मी पुण्याहून जुन्नरला आलो होतो. मोहल्ल्यातल्या मशिदीत मगरिबला त्यांच्या शेजारीच उभा होतो. नमाजमध्ये इकडेतिकडे बघायचं नसतं, पण शेजारच्याचं उठणं-बसणं अंगाला कळतं. इमामांची तकबीर झाली, सगळी रांग उभी राहिली आणि माझ्या डाव्या बाजूला जागा रिकामीच. अब्बा अजून खाली होते. दोन्ही तळवे चटईवर रोवून, मग एक हात गुडघ्यावर ठेवून, लाकडाची मोळी उचलावी तसं त्यांनी स्वतःला उचललं. तोवर इमामांची फातिहा अर्ध्यावर आली होती.

घरी येताना विचारलं, तर म्हणाले, "पैरां में जानच नई. उमर हुई अब."

वय सहासष्ट. ‘उमर’ हे उत्तर आमच्याकडे कुठल्याही प्रश्नाला चालतं, म्हणून मीही ते घेतलं. पण हाच माणूस आठ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊनही जानेवारीत रोज सकाळी शिवनेरीच्या पायथ्यापर्यंत चालत जात होता. जानेवारी ते ऑगस्टमध्ये कुणाची उमर एवढी होत नाही. हे मला त्या रात्री सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण मी दुसऱ्याच गोष्टीला घाबरत होतो. मला वाटलं, अब्बांचा वसवसा परत आला.

वसवसा म्हणजे काय ते आपल्यातल्या वाचकांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. वुजू करताना, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुताना, वाटत राहतं की कोपर कोरडं राहिलं असेल. परत धुवायचं. मग वाटतं, तीनदा धुतलं की दोनदाच? परत पहिल्यापासून. नमाजला उभं राहिलं की, नियत नीट झाली का? परत. अब्बांना वुजूला चाळीस-चाळीस मिनिटं लागायची. जमात सुटून लोक बाहेर यायचे तेव्हा हे हौदावरच बसलेले. गंमत अशी की मोहल्ल्यात त्यांची इज्जत यामुळे वाढली होती. किती परहेजगार माणूस, किती पाकीचा खयाल! घरात मात्र अम्मी रात्री दोन वाजता नळ बंद करायला उठायची. अब्बांच्या बोटांची कातडी सोललेली असायची.

२०१९ मध्ये मी त्यांना पुण्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्याआधीचं सगळं, म्हणजे दम केलेलं पाणी, तावीज, फुफीचं कलौंजी आणि शहद, करून झालं होतं. डॉक्टरांनी ओसीडी असं नाव दिलं आणि फ्लुवोक्सामिन नावाची गोळी सुरू केली. ही गोळी नैराश्यावरच्या औषधांच्या कुळातली आहे आणि या विकारावरही ती देतात. सोबत समुपदेशन. एका तांब्यात वुजू करायचा, तांब्या संपला की उठायचं, मनात काहीही येवो. पहिले दोन महिने कठीण गेले, नंतर फरक पडला. थोड्या पाण्यात वुजू करण्याची शिकवण तर आपल्या दीनमध्येच आहे, हे अब्बा आता स्वतः सांगू लागले. आजाराच्या दिवसांत हीच गोष्ट त्यांना सांगून काही उपयोग होत नसे.

मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण बल्ख शहरातल्या अबू झैद अल-बल्खी यांनी अकराशे वर्षांपूर्वी शरीराचं आणि मनाचं आरोग्य एकाच ग्रंथात मांडलं, ‘मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस’. त्यात पुनःपुन्हा येणाऱ्या, नको असलेल्या विचारांसाठी, वसवशासाठी, स्वतंत्र प्रकरण आहे. तो आजार आहे आणि त्याला इलाज आहे, असं एक मुसलमान विद्वान दहाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून गेला. आणि जुन्नरमध्ये २०१९ साली आम्ही घरातली मंडळी बसून ठरवत होतो की हे कुणाला कळता कामा नये.

ठरवणारा मीच होतो. धाकटीच्या लग्नाची बोलणी सुरू होती. स्थळ आंबेगाव तालुक्यातलं, मंचरचं. चांगली माणसं, मुलाचं दुकान. मुलीचे वडील डोक्याच्या डॉक्टरकडे जातात, हे त्यांच्या कानावर गेलं तर? मी फ्लुवोक्सामिनच्या गोळ्या पाकिटातून फोडून, अब्बांच्या अत्तराच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकून द्यायला लागलो. गोळीचं नाव असलेलं पाकीट मी पुण्यालाच टाकून यायचो. घरात तिचं नाव पडलं ‘गॅसची गोळी’. मग २०२० उजाडलं, करोना आला आणि सगळं जगच अब्बांसारखं वीस-वीस सेकंद हात धुऊ लागलं. तेव्हा अब्बा हसून म्हणाले होते, आता मीच एकटा शहाणा ठरलो. पुढच्या वर्षी साधेपणाने, मोजक्या माणसांत निकाह झाला. डबा मात्र तसाच राहिला.

डिसेंबर २०२२ मध्ये छातीत दुखलं म्हणून रात्री गाडी करून अब्बांना पुण्याला नेलं. नारायणगाव, मंचर, खेड, चाकण. तो रस्ता त्या रात्री जितका लांब वाटला तितका पुन्हा कधी वाटू नये. दाखल करताना नर्सने विचारलं, "आणखी कुठली औषधं चालू आहेत?"

मी म्हणालो, "बीपीची एक गोळी. बाकी काही नाही."

तिने लिहून घेतलं. खाली सही माझी. जावई माझ्या बाजूला उभा होता. म्हणून मी तसं म्हणालो की सवयीने म्हणालो, हे आजही मला नक्की सांगता येत नाही. स्टेंट बसला. दवाखान्यात होतो त्या चार रात्री नर्सची फेरी झाली की मी खिशातून ‘गॅसची गोळी’ काढून अब्बांना देत होतो. मला वाटत होतं मी मुलाचं कर्तव्य करतोय.

घरी येताना गोळ्यांची नवी पिशवी मिळाली. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, बीपीची, आणि रात्री कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोर्वास्टॅटिन ८० मिलिग्राम. स्टेंटनंतर सुरुवातीला मोठा डोस देतात, त्यात वावगं काही नव्हतं. या गोळ्यांसाठी अम्मीने प्लास्टिकचा पारदर्शक डबा घेतला, सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेला. तो फ्रिजवर, सगळ्यांना दिसेल असा. अत्तराचा डबा कपाटात, कपड्यांच्या मागे. रोज रात्री अब्बा एक गोळी फ्रिजवरून घ्यायचे, एक कपाटातून. त्या दोघींची भेट फक्त अब्बांच्या पोटात व्हायची.

मार्चच्या शेवटी रमजान सुरू झाला. तरावीहच्या वीस रकअती अब्बांनी कधी सोडल्या नव्हत्या. त्या वर्षी आठ झाल्या की मागे जाऊन भिंतीला टेकून बसायचे. मांड्या भरून येतात म्हणायचे. जिना चढल्यासारख्या दुखतात, बसलं तरी दुखतात. लोक म्हणाले, दिल का मरीज है, बैठने दो. आम्हीही तेच म्हणालो.

जून-जुलैत पाऊस लागला. जुन्नरच्या पावसात, त्यात मावळतीकडच्या भागात, पायाच्या बोटांत चिखल्या कुणाला होत नाहीत? भातलावणी करणाऱ्यांना होतात, तशा दिवसातून पाच वेळा पाय धुऊन नीट न पुसणाऱ्यालाही होतात. अब्बांच्या चिखल्या जुन्याच, वसवशाच्या काळापासूनच्या. या वेळी खाज मांडीपर्यंत चढली, गजकर्ण झालं. गावातल्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मलम दिलं आणि रोज दोन अशा इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल, महिनाभर. बाकी कुठली औषधं चालू आहेत, हे त्यांनी विचारलं नाही आणि अब्बांनी सांगितलं नाही. अब्बांना तर आमच्या घरात न सांगण्याचं रीतसर शिक्षण मिळालं होतं.

त्या कॅप्सूल सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात अब्बांनी सजद्यातून उठताना हात टेकला.

पुढचे दहा दिवस मी फोनवर अब्बांना वसवशाबद्दल खोदून विचारत होतो. रकअत मोजताना चुकतं का? परत परत करावंसं वाटतं का? ते वैतागले. म्हणाले, दिमाग बरोबर है, पाँव बरोबर नई. एवढं सरळ वाक्य मला कळलं नाही. मनाचा आजार असलेल्या माणसाने अंगाची तक्रार केली की घरचे तीसुद्धा मनाच्या खात्यात टाकतात. मी तेच केलं.

खुर्ची आली. मशिदीत मागे भिंतीशी तीन-चार खुर्च्या असतात, त्यातली एक अब्बांची झाली. खुर्चीवरची नमाज जायज आहे, त्याबद्दल काही नाही. पण मग अम्मीचा फोन आला की यांना संडासातून उठवायला शेजारच्या मुलाला बोलवावं लागलं, आणि यांना ते सहन झालं नाही, दिवसभर जेवले नाहीत. धाकटीने ऐकलं आणि ती थेट म्हणाली, मंचरला घेऊन या, इथे एक फिजिशियन आहेत. नवऱ्याला गाडी घेऊन पाठवलं. मी पुण्याहून मंचरला पोचलो.

डॉक्टरांनी आधी काही तपासलंच नाही. अब्बांना एका बुटक्या स्टुलावर बसवलं, हात छातीवर बांधायला सांगितले आणि म्हणाले, "चाचा, आता हाताचा आधार न घेता उभे राहा." पहिल्यांदा अब्बा झोके देऊन उठले. दुसऱ्यांदा अर्ध्यावरून खाली बसले. तिसऱ्यांदा उठलेच नाहीत. मग हात वर करून केस विंचरल्यासारखं करायला लावलं, तेही दमून झालं. पायांची बोटं, घोटे, हातांची पकड मात्र ठीक होती. डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्या गुडघ्यांचं दुखणं असं नसतं. खांद्याजवळचे आणि मांड्यांचे मोठे स्नायू दोन्ही बाजूंनी सारखेच ढिले पडलेत.

मला एकदम वाटलं, हे स्टूल तर मशिदीत रोज पाच वेळा मांडलेलंच होतं. रुकू, सजदा, कियाम. मांड्यांच्या स्नायूंची यापेक्षा चोख तपासणी कुठली? मार्चपासून अब्बा रोज त्यात नापास होत होते आणि मागच्या रांगेत सरकत होते.

"लघवीचा रंग?"

अब्बा जावयाकडे बघून गप्प. मग हळूच, "दो दिन से चाय सरीखा."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. म्हणाले, गोळ्या ओता टेबलावर. पिशवीतून प्लास्टिकचा डबा निघाला. त्यांनी एकेक बघितली. "एवढ्याच?" अब्बांनी सदऱ्याच्या खिशातून इट्राकोनाझोलचं पाकीट काढलं. डॉक्टरांनी ते हातात घेतलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले, आणि परत विचारलं, "आणखी? झोपेची, ताकदीची, काढा, चूर्ण, काहीही?"

खोलीत पंख्याचा आवाज होता. जावई दाराशी उभा. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर ‘सांगू नको’ अशी नव्हती. तूच ठरव, तूच ठरवलं होतंस, अशी होती.

मी म्हणालो, "एक आहे. फ्लुवोक्सामिन. चार वर्षं झाली."

डॉक्टरांनी जे समजावलं ते मी नंतर वाचून पक्कं केलं, आणि इथल्या भाषेत सांगतो. नारायणगावच्या टोमॅटो मार्केटमध्ये हंगामात पिकअपच्या रांगा लागतात, ते पाहिलं असेल. समजा सगळ्या गाड्यांना एकाच वजनकाट्यावरून बाहेर पडायचंय. यकृतात असाच एक काटा आहे, सीवायपी थ्री-ए-फोर नावाचं एन्झाइम. अ‍ॅटोर्वास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या याच काट्यावरून शरीराबाहेर जातात. फ्लुवोक्सामिन त्या काट्यावर थोडी रेंगाळते. रांग लांबते, पण चालू राहते. इट्राकोनाझोल मात्र थेट काट्यावरच आडवी गाडी लावून निघून जाते. मग मागे अ‍ॅटोर्वास्टॅटिन साचत जातं. रोज आत येणारा माल तेवढाच, बाहेर जाणारा जवळजवळ नाही. रक्तात साचलेलं ते औषध स्नायूंना बाधतं. स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन लघवीत उतरतं, लघवी चहासारखी होते. वेळेत थांबलं नाही तर मूत्रपिंडं बंद पडतात. इट्राकोनाझोलसोबत अ‍ॅटोर्वास्टॅटिन द्यावंच लागलं तर २० मिलिग्रामच्या वर देऊ नये, असा इशारा आहे. अब्बा ८० घेत होते.

सीपीके नावाची तपासणी झाली. स्नायू फुटतात तेव्हा रक्तात हे वाढतं. दोनशेच्या आत असावं, अब्बांचं सव्वीसशेच्या वर होतं. क्रिएटिनिन जरा वाढलेलं, पण हाताबाहेर नाही. थायरॉइड ठीक. ड जीवनसत्त्व कमी. थायरॉइड मंद असेल किंवा हे जीवनसत्त्व कमी असेल तरी या गोळ्यांनी स्नायू दुखण्याचा धोका वाढतो, म्हणून ते तपासतात.

त्याच दिवशी सलाइन लागलं. अ‍ॅटोर्वास्टॅटिन बंद, कॅप्सूल बंद, खाजेला फक्त मलम. डॉक्टरांनी माझ्यासमोर पुण्याच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला. अब्बा म्हणत होते, मग सगळ्याच बंद करा ना आठ दिवस. त्यावर ते जवळजवळ ओरडलेच. स्टेंट बसून वर्ष झालेलं नाही, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या एक दिवससुद्धा चुकवायच्या नाहीत. आणि मनाची गोळीही अचानक तोडायची नाही.

फोनवर आणखी एक गोष्ट निघाली, ती ऐकून मी खाली बसलो. क्लोपिडोग्रेल शरीरात गेल्यावर यकृतात दुसऱ्या एका एन्झाइमने चालू व्हावी लागते. फ्लुवोक्सामिन नेमकं तेच एन्झाइम जोरात दाबते. म्हणजे स्टेंट मोकळा ठेवणारी गोळी आठ महिने अर्धवटच काम करत असण्याची शक्यता होती. पाय दुखले म्हणून निदान कळलं. स्टेंट दुखत नाही.

तीन आठवड्यांनी सीपीके तीनशेच्या आसपास आलं. अब्बा दीड महिन्याने स्टुलावरून हात न लावता उठले. नंतर कोलेस्टेरॉलसाठी रोसुवास्टॅटिन सुरू झालं, आधी ५, मग १० मिलिग्राम, सोबत इझेटिमाइब. रोसुवास्टॅटिनला तो काटा जवळजवळ लागतच नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी फ्लुवोक्सामिन हळूहळू उतरवून सर्ट्रालिन दिलं. ते ओसीडीवर चालतं आणि हृदयाच्या रुग्णांमध्ये त्याचा अभ्यास झालेला आहे. ॲस्पिरिनसोबत या कुळातल्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो, म्हणून काळी शौच झाली तर लगेच या, असंही सांगितलं. गोळ्या बदलण्याच्या त्या महिन्यात वसवसा थोडा डोकावला. दोन तांबे लागायचे. मग परत एकावर आले.

मंचरच्या डॉक्टरांना मी विचारलं, दोष किती फ्लुवोक्सामिनचा, किती कॅप्सूलचा? ते म्हणाले, तराजू नाही माझ्याकडे. मार्चपासूनचं दुखणं कदाचित ८० मिलिग्रामचं एकट्याचंही असेल, कदाचित दोघांचं मिळून. ऑगस्टचा धक्का बहुतेक कॅप्सूलचा. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण आपल्याकडे अशा गोष्टीतून लगेच एक व्हॉट्सॲप तयार होतं की कोलेस्टेरॉलची गोळी विष आहे किंवा डोक्याच्या गोळ्या शरीर पोखरतात. आमच्या फुफीने ते कामही केलंच.

वास्तविक बहुसंख्य लोक ही दोन्ही औषधं सोबत घेतात आणि त्यांना काही होत नाही. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रामसारख्या गोळ्यांचा त्या काट्याशी फारसा संबंध येत नाही. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सुमारे १ लाख २४ हजार लोकांवरच्या १९ चाचण्यांचा एकत्र हिशेब आला. स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्क्यांनी स्नायू दुखतात असं सांगितलं, आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्क्यांनी. म्हणजे साठीतल्या चौघांपैकी एकाचं अंग एरवीही दुखतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये तर दुखतं म्हणून गोळी सोडलेल्या ६० जणांना आलटून पालटून खरी गोळी, खोटी गोळी आणि काहीच नाही असे महिने दिले. खोट्या गोळीच्या महिन्यातही त्रास खऱ्याच्या नव्वद टक्के निघाला. शिवाय नैराश्यातही अंग दुखतं. आपल्या बायका तर ‘मन उदास आहे’ असं कधी म्हणत नाहीत, ‘बदन टूटता है’ म्हणतात. तेव्हा दुखणं गोळीचं की मनाचं की वयाचं, हे घरात बसून ठरत नाही. मी ठरवायला गेलो होतो. सीपीके ही साध्या रक्ताची तपासणी आहे, ठरवायला तिची मदत होते.

पण खरी बाधा होते तेव्हा खरीच होते. बायर कंपनीने सेरिव्हास्टॅटिन नावाची अशीच गोळी २००१ च्या ऑगस्टमध्ये बाजारातून काढून घेतली. स्नायू फुटून पन्नासहून जास्त माणसं गेल्याची नोंद झाली होती, त्यातले बरेच जेमफायब्रोझिल हे दुसरं औषध सोबत घेत होते. तिथेही एकट्या गोळीपेक्षा जोडगोळी घातक निघाली. एक योगायोग मला राहून राहून आठवतो. स्टॅटिनचा शोध जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७३ मध्ये एका बुरशीत लावला. बुरशीतून आलेलं औषध, आणि ते अब्बांच्या अंगावर उलटलं बुरशी मारणाऱ्या कॅप्सूलमुळे.

अशा घटनेची नोंद रुग्णाच्या घरच्यांनाही करता येते, हे मला नंतर कळलं. सरकारच्या औषध-दुष्परिणाम कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे. मी नोंद केली. त्यांनी विचारलं, रुग्ण घेत असलेली सर्व औषधं सांगा. या वेळी सगळी सांगितली.

आता द्राक्षांचं. माझ्या एका चुलतभावाने मोबाइलवर वाचलं की या गोळ्यांवर ग्रेपफ्रूट चालत नाही. त्याने घरी सांगितलं, ग्रेप म्हणजे द्राक्ष. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा जुन्नर तालुक्यात जिकडेतिकडे काळी जंबो द्राक्षं असतात, अब्बांनी एक मणी तोंडात टाकला नाही. नारायणगावहून मित्राने पाठवलेली पेटी मोहल्ल्यात वाटली. मी आलो तेव्हा हंगाम संपला होता. ग्रेपफ्रूट हे पपनसासारखं मोठं लिंबूवर्गीय फळ. ते तोच काटा अडवतं, पपनसही अडवू शकतं. द्राक्षाचा काही संबंध नाही. हे कळल्यावर अब्बा माझ्या चुलतभावाशी आठवडाभर बोलले नाहीत.

आणि ज्या कारणासाठी हे सगळं केलं, ते? मंचरहून परतल्यावर मी धाकटीला फोन केला. म्हटलं, तुझ्या घरी आता कळलंच आहे, काही बोलले तर मला सांग. ती काही क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, "भाईजान, इनको निकाह के पहले से मालूम था." पुण्यात ज्या मानसोपचारतज्ज्ञांकडे आम्ही जात होतो, त्यांच्याच वेटिंग रूममध्ये तिच्या सासूबाईंनी अब्बांना पाहिलं होतं. त्या तिथे कशासाठी बसल्या होत्या, हे त्यांनीही मंचरमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं.

आमचं जुन्नर एके काळी हातकागदासाठी नावाजलेलं होतं, कागदी घराण्यांचं ते कामच होतं. त्या गावात अब्बांच्या सगळ्या गोळ्या एका ठिकाणी लिहिलेला कागदाचा चिटोरा आमच्या घरात नव्हता. आता आहे. एका वहीच्या पानावर मी मराठीत औषधांची नावं, डोस आणि कधीपासून हे लिहिलं. कशासाठी, तो रकाना अब्बांनी स्वतः उर्दूत भरला. दिल. खून पतला. कोलेस्टेरॉल. सर्ट्रालिनपुढे त्यांचं पेन बराच वेळ थांबलं. मला वाटलं, गॅस लिहितात की काय. त्यांनी ‘वसवसा’ लिहिलं, आणि शब्द नीट उमटला की नाही म्हणून एकदा पुन्हा गिरवला. मी काही बोललो नाही. एकदाच गिरवला.

तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत, सदऱ्याच्या खिशात असतो. गेल्या महिन्यात दात काढायला गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारायच्या आधीच त्यांनी तो पुढे केला. खुर्ची परत मागे भिंतीशी गेली आहे. अब्बा रांगेत असतात. मात्र शेवटच्या रकअतीला उठताना डावा हात अजून टेकतात. तो स्नायूंचा उरलेला अशक्तपणा की आता लागलेली सवय, हे पुढच्या तपासणीला विचारायचं आहे.